पाय पुण्यात, चालणं गावात

आमच्या बाभुळगावाहून रेल्वेने पुण्याला जायचं तर आधी धामणगाव गाठावं लागतं. तिथून महाराष्ट्र एक्स्प्रेस. आमच्या भागातले एक निवृत्त जवान वर्षानुवर्षं हा प्रवास करत आले आहेत, तो पायासाठी. सुरुंगाच्या स्फोटात त्यांचा पाय गुडघ्याखाली गेला. कृत्रिम पाय एकदा बसवला की काम संपलं, अशी माझी समजूत होती. ती त्यांनी मोडली आणि मी या विषयाच्या मागे लागलो.

शोध पहिल्या महायुद्धापर्यंत मागे जातो. १९१४च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या राजवाड्यात जखमी हिंदी सैनिकांसाठी इस्पितळ उघडलं. १९१६मध्ये, हिंदी पायदळाचा बहुतेक भाग फ्रान्सच्या आघाडीवरून हलवल्यानंतर, त्याच वास्तूत हातपाय गमावलेल्या ब्रिटिश सैनिकांचं इस्पितळ सुरू झालं. तिथे उपचारांच्या जोडीला कार्यशाळाही होत्या, कारण जखम भरली तरी पोटाचा प्रश्न उरतोच. हाच विचार १९१७मध्ये मुंबईत आला. गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने अपंग सैनिकांसाठी ‘क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल’ निघालं. पुढे ते खडकीला गेलं आणि आजही तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४मध्ये, पुण्यातच सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं. अवयव एका ठिकाणी, हातातलं कसब दुसऱ्या ठिकाणी. पण शहर एकच.

ही कामं एकमेकांशी बांधलेली का असावी लागतात, हे पाय बसवण्याच्या रीतीतच दिसतं. हाड कुठे कापायचं आणि टोकावर मांसाचं आवरण किती ठेवायचं, हे शस्त्रक्रिया करणारा ठरवतो. त्याच्या त्या निर्णयावर पुढे साचा घेणाऱ्या कारागिराचं यश अवलंबून असतं. उरलेला भाग पट्टीने घट्ट बांधून आकारात आणावा लागतो. पहिल्या काही महिन्यांत तो आक्रसतो, मग बसवलेली खोबण सैल होते, कातडी सोलते. व्यायाम शिकवणारा नसेल तर गुडघा आखडतो. नसलेल्या पायाची बोटं रात्री दुखतात, तेव्हा ते वेड नव्हे हे सांगणारं कुणीतरी लागतं. यातला एक माणूस गळाला तरी चांगला पाय कोपऱ्यात पडून राहतो.

आपण मात्र एकट्या वीराची कथा सांगतो. १९७१च्या युद्धात सिल्हेटच्या आघाडीवर गुरखा पलटणीचे मेजर इयान कार्डोझो यांचा पाय सुरुंगावर पडला आणि त्यांनी खुकरीने तो स्वतःच तोडला, हे अनेकांना माहीत आहे. त्यापुढची गोष्ट कमी सांगितली जाते. त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली ती युद्धकैदी झालेल्या एका पाकिस्तानी सर्जनने. लाकडी पाय मिळाला, सराव झाला, आणि पुढे त्यांनी पायदळाच्या पलटणीचं नेतृत्व केलं. असं करणारे ते आपल्या सैन्यातले पहिले अपंग अधिकारी. त्यांचं धैर्य एकट्याचं होतं, चालणं मात्र अनेकांच्या हातांनी घडलं.

जयपूर फूटचा जन्मही असाच. १९६८च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो मिळून घडवला. बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या समाजासाठी केलेला पाय आपल्याकडे अडायचा. इथे अनवाणी चालावं लागतं, उकिडवं बसावं लागतं, मांडी घालावी लागते. ही अडचण ज्याने रोज पाहिली, त्या कारागिराचा शब्द डॉक्टरच्या शब्दाइतकाच मोलाचा ठरला.

हे सारं मी त्या जवानकाकांना सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “पाय पुन्यात भेटला, भाऊ. पन चालाचं त इथल्या वावरात हाये नं!”

आमची माती काळी. पावसाळ्यात ती पावलाला धरते, सोडत नाही. उन्हाळ्यात घामाने खोबणीच्या आत कातडी चिघळते. पुण्यात सर्जन, कारागीर, व्यायामशिक्षक आणि धंदेशिक्षण एका शहरात आहेत; इथे त्यांच्या जागी घरची माणसं आहेत. पट्टी कशी बांधायची, जखम कधी दाखवायची, हे काकांच्या पत्नी स्वतःच अनुभवाने शिकल्या. त्यांना कुणीही, कधीही शिकवलं नव्हतं.

शंभर वर्षांच्या या इतिहासात सर्जनचं नाव सापडतं, गव्हर्नरच्या पत्नीचं सापडतं. रोज सकाळी पट्टी बांधणाऱ्या या बाईची नोंद कुठल्याच दप्तरात नाही. चमूतली ती शेवटची, आणि सर्वांत जास्त वर्षं कामावर असलेली.