ग्रामोद्योगांचे वर्धा आणि घरचा बटवा
१९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व वर्ध्याची मगनवाडी त्याचे केंद्र बनली. तेथेच १९३८ साली मगन संग्रहालय उघडले. तेलघाणी, हातकागद, मधुमक्षिकापालन या उद्योगांना त्यामुळे लिखित इतिहास लाभला.

बटवा व चंची यांची स्थिती निराळी होय. लुगड्याच्या अथवा खणाच्या उरल्या तुकड्यांतून स्त्रिया ती घरीच शिवीत. पान, सुपारी, चुना यांसाठी चंचीला निरनिराळे कप्पे असत. बटव्याला ओढून आवळण्याचा बंद असे व वर टाक्यांची नक्षी. परंतु जे विकले जात नाही, ते हिशेबवहीत उमटत नाही. म्हणून केवळ संस्थांच्या दप्तरांवरून लिहिलेला या जिल्ह्याच्या हस्तकलांचा इतिहास अपुराच राहील. घरोघरच्या पेट्यांतील जुने बटवे हेही इतिहासाचे साधनच मानले पाहिजे.