भाजी शिजवली की जीवनसत्त्वं खरंच नष्ट होतात का?

"कुकरमध्ये शिजवलं की सगळी व्हिटॅमिन मरतात" असा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर कधी ना कधी आला असेल. त्यात तथ्य किती? हे समजून घ्यायला परळपासून सुरुवात करू.

परळमधला शोध

1928 मध्ये लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना तीव्र ॲनिमिया होत होता, अनेकींचा त्यात जीव जात होता. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये राहून विल्स यांनी त्याचं कारण शोधलं. दोष जंतूंचा नव्हता, आहारात काहीतरी कमी पडत होतं. मार्माईट, म्हणजे यीस्टचा अर्क दिल्यावर रुग्ण बऱ्या होऊ लागल्या. 1931 मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

अर्कातल्या त्या अनोळखी घटकाला 'विल्स फॅक्टर' म्हटलं गेलं. 1941 मध्ये अमेरिकेत पालकापासून फॉलिक ॲसिड वेगळं करण्यात आलं आणि विल्स फॅक्टर तो हाच, हे पुढे स्पष्ट झालं. लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणजे पान, त्यावरून हे नाव पडलं. अन्नातल्या याच जीवनसत्त्वाला फोलेट किंवा बी-9 म्हणतात. पालेभाज्या आणि डाळींत ते भरपूर असतं, पण शिजवताना चटकन कमी होणाऱ्यांतही त्याचा नंबर वरचा आहे.

दोष उष्णतेचा की पाण्याचा?

2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पालक पाण्यात उकळल्यावर त्यातलं जेमतेम निम्मं फोलेट उरलं. तोच पालक साडेचार मिनिटं वाफवला, तर फारशी घट झाली नाही. म्हणजे बरंचसं फोलेट जळून गेलं नव्हतं, पाण्यात उतरलं होतं. ते पाणी मोरीत ओतलं, तर फोलेटही मोरीत.

कोणतं जीवनसत्त्व किती टिकतं?

- सी: सगळ्यात नाजूक. पाण्यात विरघळतं, उष्णता आणि हवेमुळे लवकर नष्ट होतं.
- बी-1: उष्णतेने कमी होतं. चणे, छोले लवकर शिजावेत म्हणून सोडा घातला, तर आणखी वेगाने.
- बी-2: उष्णता बऱ्यापैकी सोसतं, पण उजेडात टिकत नाही.
- बी-3: उष्णतेत चांगलं टिकतं, मात्र पाण्यात उतरतं.
- ए, डी, ई, के: तेला-तुपात विरघळतात, त्यामुळे पाण्यात जात नाहीत. पण तळणीच्या कडक तेलात ए आणि ई कमी होतात.

शिजवण्याचा फायदाही आहे. गाजरातलं बीटा-कॅरोटीन, ज्यापासून शरीर ए जीवनसत्त्व बनवतं, ते शिजवल्यावर आणि थोड्या तेलासोबत जास्त चांगलं शोषलं जातं.

मग कुकर वाईट का?

नाही. कुकरमधलं तापमान 120 अंश सेल्सियसच्या आसपास जातं, पण वेळ कमी लागतो, पाणी थोडं लागतं आणि झाकण बंद असतं. उघड्या पातेल्यात तासभर उकळण्यापेक्षा ते अनेकदा बरंच.

घरी काय कराल?

- दादरच्या बाजारातून आणलेली मेथी आधी धुवा, मग चिरा. चिरून पाण्यात भिजत ठेवू नका.
- पाणी कमी, झाकण घट्ट, वेळ थोडा.
- शिजवलेलं पाणी वापरा. पुरणाची डाळ शिजवून उरलेल्या पाण्याची कटाची आमटी करतात, तसंच.
- लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा.

एक गोष्ट विसरू नका

गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, फोलेट कमी पडलं तर बाळाच्या मेंदूत आणि मणक्यात जन्मजात दोष राहण्याचा धोका वाढतो. म्हणून डॉक्टर फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देतात. भाजी कितीही नीट वाफवली, तरी ती गोळी स्वतःहून बंद करू नका.