ग्रीक क्रीडामहोत्सव, प्राचीन
प्राचीन ग्रीसमध्ये देवतांच्या सन्मानार्थ ठरावीक काळाने भरणारे धार्मिक व क्रीडाविषयक उत्सव. त्यांपैकी चार सर्व ग्रीकांसाठी खुले होते : ऑलिंपियाचा (झ्यूस) व डेल्फीचा (अपोलो) दर चार वर्षांनी, तर कॉरिंथजवळच्या इस्थमसचा (पोसायडन) व नेमिया येथील (झ्यूस) दर दोन वर्षांनी भरे. ऑलिंपियातील पहिला महोत्सव परंपरेनुसार इ. स. पू. ७७६ मध्ये झाला.

धावणे, कुस्ती, मुष्टियुद्ध, पंचक्रीडा व रथशर्यती हे प्रमुख प्रकार होत. ऑलिंपियातील मूळ शर्यत सु. १९२ मी. लांबीची होती. विजेत्याला तेथे रानऑलिव्हच्या पानांचा मुकुट मिळे; मात्र मायदेशी त्याचे खरे चीज होई. अथेन्समध्ये त्याला नगराच्या खर्चाने आजन्म भोजन मिळे. पिंडरसारखे कवी विजयगीते रचत.

आपसांत लढणाऱ्या नगरराज्यांना या उत्सवांनी समान ग्रीकत्वाची जाणीव दिली. उत्सवापूर्वी दूत शांततेची घोषणा करीत. त्यामुळे युद्धे थांबत नसली, तरी यात्रेकरूंना संरक्षण लाभे. ऑलिंपियात फक्त स्वतंत्र ग्रीक पुरुष स्पर्धक असत आणि विवाहित स्त्रियांना प्रेक्षक म्हणूनही मज्जाव होता. कुमारिकांसाठी हेरा देवीच्या उत्सवात धावण्याच्या स्वतंत्र शर्यती होत. स्पार्टाची राजकन्या किनिस्का हिने इ. स. पू. ३९६ मध्ये अश्वांची मालक या नात्याने रथशर्यतीचा मान मिळविला. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्म प्रबळ झाल्यावर हे उत्सव लयास गेले.