एक्झॉस्ट ब्रेक : बिघाड विजेचा की हवेचा?

मध्य रेल्वेच्या खडवली स्थानकाकडून पडघ्याच्या दिशेने जाणारा रस्ता मुंबई-नाशिक महामार्गाला जेथे मिळतो, त्या खडवली फाट्यावर घटकाभर उभे राहिले, तरी भिवंडीच्या गोदामांकडे निघालेल्या मालट्रकची रीघ दिसते. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. तरीही कसारा घाट उतरून येणारी अवजड वाहने या रस्त्यावर आहेतच. घाट उतरताना या ट्रकचा वेग केवळ चालकाच्या पायाखालच्या ब्रेकने आवरलेला नसतो. त्या कामात एक्झॉस्ट ब्रेकचा मोठा वाटा असतो. तो बंद पडला, तरी सपाट रस्त्यावर गाडी नेहमीसारखीच चालते व थांबते. म्हणूनच त्याच्या दुरुस्तीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते.

हा ब्रेक करतो काय?

पंचवीस टनांचा ट्रक तीनशे मीटर उंची उतरला, तर जी ऊर्जा मोकळी होते ती सुमारे २० युनिट विजेइतकी भरते. तेवढ्या उष्णतेत साधारण अडीचशे लिटर पाणी उकळीला येईल. ही सारी उष्णता चाकांच्या ब्रेकवर पडली, तर ड्रम व लायनर तापून त्यांची पकड कमी होत जाते. ब्रेक ‘फेल’ झाला, असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा तो तुटलेला नसतो, तर तापून निकामी झालेला असतो.

एक्झॉस्ट ब्रेकमध्ये इंजिनच्या धुराच्या नळीत एक गोल झडप असते. ती मिटली की धूर कोंडतो, इंजिनला त्या दाबाविरुद्ध फिरावे लागते आणि इंजिनच चाकांना मागे ओढू लागते. झडप फिरवण्याचे काम हवेवर चालणारा एक छोटा सिलिंडर करतो. त्या सिलिंडरला हवा सोडण्याचे काम विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह करतो. हवा येते ती इंजिनवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरने भरलेल्या टाक्यांतून. वीज, हवा आणि झडप अशी ही तीन कड्यांची साखळी आहे. बिघाड शोधायचा म्हणजे यांतली कोणती कडी तुटली, ते ओळखायचे.

पहिली परीक्षा कानाची

गाडी सपाट जागी उभी करावी, चाकांना उटी लावावी, हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि टाक्यांत हवेचा पूर्ण दाब भरू द्यावा. मग एकाने केबिनमध्ये एक्झॉस्ट ब्रेकचे बटण दाबावे व दुसऱ्याने बाजूला सुरक्षित उभे राहून सोलेनॉइडचा आवाज ऐकावा. काही गाड्यांत इंजिनच्या फेऱ्या ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असल्याशिवाय हा ब्रेक लागत नाही, हे लक्षात ठेवावे. ‘टक्’ असा आवाज आलाच नाही, तर शोध विजेकडे वळवावा. ‘टक्’ झाले, पण सिलिंडरचा दांडा हलला नाही, तर दोष बहुधा हवेचा. दांडा पुरता सरकला आणि तरीही गाडी ओढली जात नसेल, तर झडप, तिचा जोडदांडा किंवा धुराच्या नळीची गळती तपासावी. या एका परीक्षेने अर्धे काम होते. अनेकदा मात्र ती न करताच नवा सोलेनॉइड बसवला जातो आणि मूळ दोष तसाच राहतो.

विजेचे दोष

ट्रकमध्ये साधारणपणे चोवीस व्होल्टची व्यवस्था असते. बटणापासून निघालेला प्रवाह फ्यूज व रिले यांमधून सोलेनॉइडपर्यंत पोहोचतो. वाटेत क्लच आणि अॅक्सिलरेटरच्या पेडलजवळचे स्विच असतात. चालकाने यांपैकी कोणतेही पेडल दाबले की एक्झॉस्ट ब्रेक आपोआप सुटावा, यासाठी ती सोय असते. त्यामुळे यांतला एखादा स्विच सरकला किंवा चिकटला, तर बाकी सारे ठीक असूनही ब्रेक लागत नाही.

फ्यूज उडाला असेल, तर तेवढ्याच क्षमतेचा नवा घालून पाहावा. तोही उडाला, तर वायर कोठेतरी चेसिसला घासून उघडी पडली आहे, असे समजावे. फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळणे म्हणजे आगीला निमंत्रण देणे होय. व्होल्टमीटर लावताना सोलेनॉइडची जोडणी न काढता मोजणी करावी. गंजलेल्या जोडावरही मोकळ्या टोकाला पूर्ण व्होल्ट दिसतात, पण प्रवाह वाहू लागताच ते कोसळतात. बॅटरीवर सव्वीस व्होल्ट आणि सोलेनॉइडवर अठराच दिसत असतील, तर दोष सोलेनॉइडचा नसून मधल्या जोडांचा किंवा अर्थिंगचा आहे. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात चिखलपाणी उडून जोडांतील तांब्यावर हिरवट थर चढतो. हा दोष त्यामुळे तेव्हा विशेष आढळतो.

एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या अनेक गाड्यांत ही झडप संगणकीय नियंत्रणाखाली असते. तेथे वायर कापून थेट जोडणी करू नये. निदानयंत्राने दोषसंकेत वाचूनच पुढे जावे.

कॉम्प्रेसर आणि हवा

हवेच्या बाजूचा दोष अधिक गंभीर मानायला हवा, कारण चाकांचे मुख्य ब्रेकही याच कॉम्प्रेसरच्या हवेवर चालतात. बऱ्याच गाड्यांत एक संरक्षक व्हॉल्व्ह असतो. दाब घटला की तो हॉर्न, एक्झॉस्ट ब्रेक अशा दुय्यम कामांची हवा तोडून मुख्य ब्रेकसाठी राखतो. म्हणजे एक्झॉस्ट ब्रेक बंद पडणे, ही मुख्य ब्रेकवर येऊ घातलेल्या संकटाची पहिली सूचना असू शकते. त्याच बरोबर हवेचा हॉर्नही क्षीण वाजत असेल, तर शंकेला जागा उरत नाही.

दाब भरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो का, ते पाहावे. मग इंजिन बंद करून दाबमापकाचा काटा न्याहाळावा. काटा भराभर उतरत असेल, तर गळती आहे. जोडांवर साबणाचे पाणी लावल्यास फुगे तिची जागा दाखवतात. गळती नसूनही दाब हळू भरत असेल, तर हवेचा फिल्टर तुंबणे, कॉम्प्रेसरच्या बाहेरील नळीत कार्बन साचणे किंवा त्याच्या रिंगा झिजणे, ही कारणे तपासावीत. टाकीतून पाण्याबरोबर तेल निघत असेल, तर रिंगांचा संशय बळावतो. हे तेल पुढे जाऊन सोलेनॉइडमधील रबर फुगवते आणि मग एक दोष दुसऱ्याला जन्म देतो. टाक्यांत दाब असताना मात्र कोणताही नट सैल करू नये.

याउलट दोषही संभवतो. झडप कार्बनने अडकून मिटलेलीच राहिली, तर गाडीची ओढ कमी होते, धूर वाढतो, इंजिन तापते व डिझेल अधिक जळते. अशा वेळी इंजिन खोलण्याआधी ही झडप पाहावी.

इंजिन बंद, तर सारेच बंद

कॉम्प्रेसर आणि एक्झॉस्ट ब्रेक दोन्ही चालत्या इंजिनावर अवलंबून आहेत. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करणारा चालक या दोहोंना एकाच वेळी मुकतो. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, तर इंजिन चालू असूनही त्याची ओढ चाकांपर्यंत पोहोचत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या नवले पुलावर एका अवजड वाहनाने ४८ गाड्यांना धडक दिली. प्रथम ब्रेक निकामी झाल्याचे म्हटले गेले. उतारावर इंजिन बंद ठेवल्याचे कारण नंतरच्या तपासात पुढे आले.

शेजारच्या थळ घाटात रेल्वेमार्गाचा उतार सदतीस फुटांना एक फूट इतका आहे आणि तो उतरणाऱ्या गाड्यांच्या ब्रेकची चाचणी हा तेथील शिस्तीचा भाग आहे. मालट्रकच्या बाबतीत ती शिस्त मालकाच्या आणि चालकाच्या मर्जीवर सोडलेली आहे. एक्झॉस्ट ब्रेक बंद असला तरी भाडे मिळते, म्हणून दुरुस्ती पुढच्या फेरीवर ढकलली जाते. वास्तविक उतार सुरू होण्यापूर्वी दाबमापकावर एक नजर, बटणाची एक चाचणी आणि खालचा गिअर एवढ्याला पाच मिनिटेही लागत नाहीत. कमी दाबाचा इशारा वाजला, तर गाडी तेथेच बाजूला घ्यावी. घाटाच्या मध्यावर मात्र तेवढी सवड मिळेलच, असे नाही.