म्वालिमू : टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष

खेड्यात नुसते 'गुरुजी आले' म्हटले की कोण आले हे विचारावे लागत नाही. आफ्रिका खंडाच्या पूर्व किनाऱ्यावर टांझानिया नावाचा देश आहे, तेथे 'म्वालिमू' या शब्दाचे असेच झाले आहे. म्वालिमू म्हणजे स्वाहिली भाषेत शिक्षक. त्या देशात शाळाशाळांतून हजारो म्वालिमू आहेत. पण कोणी नाव न घेता नुसते 'म्वालिमू' म्हणाला, तर तो देशाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांबद्दल, ज्यूलियस न्येरेरे यांच्याबद्दल बोलतो आहे असे समजावे.

स्वाहिली ऐकायला परकी वाटते खरी. पण कलमाला ते लोक 'कलामु' म्हणतात, वकिलाला 'वाकिली', साबणाला 'साबुनी', हिशेबाला 'हेसाबु' आणि दुनियेला 'दुनिया'च. मोसमी वाऱ्यांवर शिडाची गलबते शेकडो वर्षे अरबस्तान, हिंदुस्थान आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यांवर ये-जा करीत होती, त्यांनी हे शब्द इकडून तिकडे पोचविले. तेव्हा हा देश आपण समजतो तितका दूरचा नाही.

न्येरेरे यांचा जन्म १९२२ सालचा. व्हिक्टोरिया सरोवराच्या पूर्वेस बुटियामा नावाचे खेडे आहे. तेथील झानाकी या लहानशा जमातीचा मुखिया हा त्यांचा बाप. मुखियाला बायका बावीस. मुगाया ही पाचवी, आणि कंबरागे हा तिचा मुलगा. जन्माच्या दिवशी पाऊस कोसळत होता, म्हणून पावसाच्या देवतेवरून त्याचे नाव कंबरागे ठेवले. 'ज्यूलियस' हे नाव पुढे, ख्रिस्ती झाल्यावरचे. मुखियाचा मुलगा म्हणून ऐश्वर्यात वाढला असेल असे कोणी मानू नये. बारा वर्षांचा होईपर्यंत पोराने शेळ्या राखल्या. मग सुमारे सव्वीस मैलांवरच्या मुसोमा गावी शाळेत घातले. तेथून हुशारीच्या बळावर ताबोरा येथील सरकारी शाळा, तेथून युगांडातील माकेरेरे कॉलेज आणि शिक्षकाची पदविका. काही वर्षे मास्तरकी केल्यावर १९४९ साली शिष्यवृत्तीवर स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठात जाऊन १९५२ साली ते एम. ए. झाले आणि परत येऊन पुगू येथील मिशनच्या शाळेत शिकवू लागले.

त्या काळी या देशाचे नाव होते टांगानिका. पहिल्या महायुद्धापूर्वी तो जर्मनांकडे होता. जर्मनांच्या सक्तीच्या कापूसशेतीविरुद्ध १९०५ साली तेथे 'माजी माजी' नावाचे मोठे बंड उठले. 'माजी' म्हणजे पाणी. मंतरलेले पाणी अंगावर शिंपडले की गोळीचे पाणी होते अशी लोकांची श्रद्धा होती. गोळीचे पाणी झाले नाही. युद्धात जर्मनी हरला आणि देश इंग्रजांच्या हवाली झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रसंघाच्या वतीने विश्वस्त म्हणून इंग्रजच कारभार पाहात राहिले. विश्वस्ताला कधीतरी मालमत्ता धन्याच्या ताब्यात द्यावी लागते, हे न्येरेरे यांनी नेमके हेरले.

७ जुलै १९५४ रोजी त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी 'टानू' हा पक्ष स्थापन केला. पुढच्याच वर्षी न्येरेरे न्यूयॉर्कला जाऊन राष्ट्रसंघाच्या विश्वस्त मंडळापुढे बोलले. परत आले तो शाळाचालकांचा प्रश्न समोर उभा : नोकरी की राजकारण, एक काय ते ठरवा. त्यांनी नोकरी सोडली. घरात नवी बायको, पदरी लहान मूल, आणि पगार बंद. शिक्षकी पेशातल्या वाचकांना यातला पेच वेगळा समजावून सांगायला नको.

पुढची लढाई मात्र रक्त न सांडता झाली, आणि ती कशी झाली हे पाहण्यासारखे आहे. इंग्रजांनी १९५८ च्या निवडणुकीला एक विचित्र नियम लावला. प्रत्येक मतदाराने तीन मते द्यावयाची : एक आफ्रिकनाला, एक आशियाई माणसाला, एक युरोपियनाला. आफ्रिकन कोटीच्या जवळपास, बाकीचे दोन्ही मूठभर, आणि तिघांना वाटा सारखा! पक्षातले तरुण म्हणाले, बहिष्कार टाका. न्येरेरे यांनी ताबोरा येथील परिषदेत उलट सल्ला दिला : चिखलातून गेल्याशिवाय शेत लागत नाही, निवडणूक लढवू या आणि तिन्ही जागांना आपल्याला मानणारी माणसे उभी करू या. टानूने पाठिंबा दिलेले गोरे आणि हिंदी उमेदवारही निवडून आले. ज्या नियमाने आफ्रिकनांना अडवायचे, तोच नियम त्यांच्या कामी आला. १९६० च्या निवडणुकीत तर ७१ पैकी ७० जागा टानूला मिळाल्या.

९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका स्वतंत्र झाला. त्या मध्यरात्री एका आफ्रिकन लष्करी अधिकाऱ्याने किलिमांजारो पर्वताच्या शिखरावर नवा ध्वज आणि पेटती मशाल लावली. बरोबर दहा दिवसांनी, १९ डिसेंबरला, इकडे आपला गोवा मुक्त झाला. टांगानिकाच्या दक्षिणेला लागून मोझांबिक, तेथेही पोर्तुगीजच. तेथील मुक्तिसंघटना 'फ्रेलिमो' १९६२ साली न्येरेरे यांच्या दार-एस-सलाम शहरात जन्माला आली. मोझांबिकला स्वातंत्र्य मिळाले १९७५ साली. तोवर या गरीब शेजाऱ्याने आपल्या घरात लढणाऱ्यांना आसरा दिला.

आता एक गोष्ट बघा. स्वातंत्र्य मिळून सहा आठवडे झाले आणि पंतप्रधान न्येरेरे यांनी राजीनामा दिला! भांडण नाही, आजारपण नाही. सगळे कार्यकर्ते सरकारात गेले, पक्ष आणि खेडी यांच्याकडे पाहणार कोण, असे म्हणून ते खेडोपाडी फिरावयास निघाले. वर्षभराने देश प्रजासत्ताक झाला तेव्हा शंभरांत अठ्ठ्याण्णव मते मिळवून ९ डिसेंबर १९६२ रोजी ते पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

हाती काय आले होते? इंग्रज गेले तेव्हा देशात शिकलेले इंजिनियर दोन आणि डॉक्टर बारा होते, शंभर प्रौढांमध्ये पंच्याऐंशी निरक्षर होते, असा हिशेब ते पुढे सांगत असत. जमाती शंभरावर, प्रत्येकीची बोली निराळी. त्यांनी स्वाहिली ही सर्वांची भाषा केली, आणि ती नुसता हुकूम काढून नव्हे. शेक्सपियरचे 'ज्यूलियस सीझर' या राष्ट्राध्यक्षाने स्वतः स्वाहिलीत उतरविले आणि ते १९६३ साली छापून निघाले. आपली भाषा कोणतेही ओझे पेलते हे दाखवायचे होते. शेजारच्या कित्येक देशांत जमातीजमातींत कत्तली झाल्या. टांझानिया त्यातून वाचला, याचे निम्मे श्रेय तरी मी या भाषेला देईन.

१९६४ साल कठीण गेले. जानेवारीत समोरच्या झांजिबार बेटात क्रांती झाली, पुष्कळ अरब आणि हिंदी माणसे मारली गेली. आठवड्याभरात इकडे न्येरेरे यांच्या स्वतःच्याच सैन्याने पगार आणि गोरे अधिकारी या प्रश्नांवरून बंड केले. राष्ट्राध्यक्षांना लपून बसावे लागले आणि शेवटी ज्या इंग्रजांना नुकतेच निरोप दिला त्यांचेच सैनिक बोलवावे लागले. ही नामुष्की त्यांना फार लागली. २६ एप्रिलला टांगानिका आणि झांजिबार एक झाले, आणि दोन्हींची अक्षरे जोडून टांझानिया हे नाव आले. पुढच्या वर्षी देशात एकच पक्ष ठेवण्यात आला. प्रत्येक मतदारसंघात त्याच पक्षाचे दोन उमेदवार. निरक्षरांसाठी एकाची खूण कुदळ, दुसऱ्याची घर. काही मंत्रीसुद्धा कुदळ-घराच्या या सामन्यात पडले. पण राष्ट्राध्यक्षपदाला उमेदवार एकच, त्याला होय किंवा नाही म्हणायचे. शिवाय खटल्याविना माणसाला डांबून ठेवण्याचा कायदा १९६२ पासून होताच आणि तो वापरलाही गेला. थोर माणसाचे चरित्र सांगताना हे वाक्य गाळण्याची पद्धत आहे. मला ती बरी वाटत नाही.

स्वतःच्या बाबतीत मात्र हा माणूस कडक. १९६६ साली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी सक्तीच्या राष्ट्रसेवेविरुद्ध मोर्चा आणला. न्येरेरे संतापले, जवळजवळ चारशे मुलांना घरी धाडले, आणि त्याच रागात स्वतःचा पगार शेकडा वीस कापला. ५ फेब्रुवारी १९६७ चे 'आरुशाचे जाहीरनामे' तर प्रसिद्धच आहे. बँका आणि मोठे कारखाने सरकारचे झाले. पुढाऱ्यांनी दोन पगार घेऊ नयेत, कंपन्यांचे शेअर बाळगू नयेत, घरे भाड्याने देऊ नयेत असा नियम झाला. आपल्याकडे असा नियम झाला तर किती जणांची अडचण होईल, ते वाचकांनीच मोजावे!

या सगळ्याच्या मुळाशी एक शब्द होता : 'उजामा'. म्हणजे कुटुंबभाव. 'भाऊबंदकी' हा शब्द येथे मुळीच वापरू नका. मराठीत तो उच्चारला की बांधावरची भांडणे आणि कोर्टकचेऱ्याच आठवतात. न्येरेरे यांचा विचार असा की शेतकरी दूरदूर विखरून राहतो, ज्याचे त्याचे खोपट ज्याच्या त्याच्या शेतात. अशा माणसाला शाळा, दवाखाना, पिण्याचे पाणी पोचवायचे तरी कसे? सर्वांनी गावे करून राहावे, शेत मिळून कसावे. विचार खोटा नव्हता. वाडीवस्तीवरून रोज तीन मैल तुडवीत शाळेत येणारी मुले ज्या शिक्षकांनी पाहिली आहेत ते तर मान डोलावतील.

पण लोक येईनात. आधी समजावणी झाली, मग अधिकाऱ्यांना घाई झाली. १९७१ च्या नाताळच्या दिवशी इरिंगा भागाचे आयुक्त डॉ. क्लेरू हे इस्मानी येथील एका मकेवाल्या शेतकऱ्याच्या शेतावर गेले. बोलाचाली झाली, आणि शेतकऱ्याने त्यांना गोळी घातली. प्रेत आयुक्तांच्याच मोटारीत ठेवून तो स्वतः पोलीस ठाण्यात हजर झाला. पुढे त्याला फाशी झाली. गुन्हा तो गुन्हाच. तरी ज्या सरकारचा प्रमुख शेळ्या राखून वर आलेला शिक्षक, त्या सरकारला त्या शेतातून काय ऐकू यायला हवे होते, हा प्रश्न उरतोच. ऐकू आले नाही. नोव्हेंबर १९७३ मध्ये न्येरेरे यांनी जाहीर केले की गावात राहणे हा आता हुकूम आहे, १९७६ पर्यंत सर्वांनी गावात यावे. सरकारी हिशेबाने एक कोटीहून अधिक माणसे नव्या गावांत राहू लागली. पुष्कळ ठिकाणी ट्रक आणून बिऱ्हाडे उचलली. काही ठिकाणी माघारी फिरू नयेत म्हणून जुनी घरे जाळली. जुनी झाडे, जुनी जमीन मागे राहिली. काजूचेच घ्या. काजू पोर्तुगीजांनी आपल्या कोकण-गोव्यात आणला आणि तिकडच्या किनाऱ्यावरही. दक्षिण टांझानियाचा शेतकरी काजूवर जगे. झाडे एकीकडे, माणूस मैलोगणती दूर दुसरीकडे. राखण कोण करणार? काजूचे उत्पन्न झपाट्याने उतरले. त्यातच अवर्षण आले, आणि धान्य परदेशातून विकत आणावे लागले.

त्याच वर्षांत त्याच देशात एक फार चांगले कामही चालू होते आणि ते आपल्या रेडिओशी संबंधित आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालविली होती, हे जुन्या मंडळींना ठाऊक असेल. टांझानियात १९७३ साली 'म्तु नि आफ्या', म्हणजे 'माणूस म्हणजे आरोग्य', या नावाने तसेच पण फार मोठे काम निघाले. गावोगावी गट बसत, रेडिओवरचा पाठ ऐकत, कोणी साक्षर माणूस पुस्तिका मोठ्याने वाची, मग चर्चा, आणि मग कुदळ-फावडे घेऊन संडासाचा खड्डा. हिवताप, हगवण, जंत यांविरुद्धच्या या मोहिमेत सुमारे वीस लाख प्रौढ सामील झाले. तेथे कोणाचे घर जाळावे लागले नाही. न्येरेरे सत्तेवरून उतरले तेव्हा साक्षरता शेकडा नव्वदीच्या घरात गेली होती, असे ते अभिमानाने सांगत.

१९७७ साली आरुशाच्या घोषणेला दहा वर्षे झाली तेव्हा त्यांनी स्वतःच एक पुस्तिका लिहून कबूल केले की देश ना समाजवादी झाला, ना स्वावलंबी. सत्तेवर बसलेला माणूस स्वतःच्या पेपराला असे गुण क्वचितच देतो. पुढे युगांडाच्या इदी अमीनने चढाई केली. टांझानियाच्या सैन्याने ती परतवून एप्रिल १९७९ मध्ये कंपाला घेतले, पण त्या युद्धाने तिजोरी रिकामी झाली. दुकानांतून साबण, साखर, कापड मिळेना.

१९८५ साली न्येरेरे आपण होऊन राष्ट्राध्यक्षपदावरून उतरले आणि बुटियामाला शेतीवर गेले. आफ्रिकेत त्या काळी अशा रीतीने खुर्ची सोडणारे बोटांवर मोजण्याइतके होते. नंतर गरीब देशांच्या 'दक्षिण आयोगा'चे ते अध्यक्ष झाले; त्या आयोगाचे चिटणीस होते आपले डॉ. मनमोहन सिंग. १९९५ साली भारत सरकारने गांधी शांतता पुरस्कार सुरू केला, तो पहिला त्यांनाच मिळाला. उतारवयात त्यांनी ख्रिस्ताची शुभवर्तमाने स्वाहिलीच्या जुन्या पद्यबंधात, आपल्या ओवीसारख्या गाता येणाऱ्या रचनेत, बसविली. १४ ऑक्टोबर १९९९ रोजी लंडनच्या इस्पितळात रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. देह मायदेशी आणून बुटियामाच्या मातीत पुरला. ज्यांची घरे हलविली गेली होती, त्या लोकांपैकीही पुष्कळ जण 'म्वालिमू गेले' म्हणून रस्त्यावर उभे होते.