म्हातारी बॅटरी आणि न सांगितलेली गोष्ट

बेळगावात किर्लोस्कर रोड आहे. पण किर्लोस्कर बंधूंनी १८८८ साली याच गावात सायकलींचे दुकान काढले होते, हे आमच्या मुलांना सांगावे लागते. पुढे इथेच त्यांचा लोखंडी नांगर तयार झाला आणि १९१० साली कारखाना औंध संस्थानात गेला. त्या काळी सायकलची साखळी झिजली की मालकाला दिसे, दुरुस्तीही डोळ्यांदेखत होई.

मोबाईलचे तसे नाही. मुलाने वापरून मला दिलेला फोन एका अपडेटनंतर रखडू लागला. "बाबा, आता नवाच घ्या," असा घरातून आग्रह झाला. निपाणीच्या एका कारागिराने केवळ बॅटरी बदलली आणि फोन पूर्ववत चालू लागला!

याचा इतिहास उद्बोधक आहे. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली. चार्जिंगच्या फेऱ्या वाढतात तसा तिचा अंतर्गत रोध वाढतो. एकदम जास्त वीज मागितली की दाब कोसळतो आणि फोन बंद पडतो. हे टाळण्यासाठी ॲपलने जानेवारी २०१७ च्या अपडेटमधून जुन्या आयफोनचा वेग गरजेनुसार कमी केला. उपाय शास्त्रीय होता. ग्राहकाला मात्र तो स्पष्टपणे सांगितला नाही. डिसेंबरमध्ये जॉन पूल यांनी वेगाच्या चाचण्यांचे आकडे मांडले, तेव्हा कंपनीने कबुली दिली, माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर उतरवला. भारतात तो सुमारे साडेसहा हजारांवरून दोन हजारांवर आला. फ्रान्सने २०२० साली अडीच कोटी युरोंचा दंड केला, तो वेग कमी केल्याबद्दल नव्हे, तर ग्राहकांना न सांगितल्याबद्दल. आपल्याकडेही केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले.

वाचकहो, आपण सीमाभागातली माणसे. मजकूर मराठीत असो वा कानडीत, समजल्याशिवाय कागदावर सही करू नये, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी शिकवले. अपडेटखालचे 'मान्य' हे बटणसुद्धा सहीच आहे. आणि फोन टाकून देण्यापूर्वी एवढे जरूर विचारावे: म्हातारे नेमके काय झाले आहे, फोन की त्याची बॅटरी?