आधी बार्शीची एसटी

केजला प्राणिशास्त्र शिकवताना बीएस्सीचं एखादं पोरगं हमखास विचारायचं, "सर, कॅन्सरवर संशोधन करायचं तर मुंबईच गाठावी लागंल का?" मी म्हणायचो, आधी बार्शीची एसटी धर. तिथल्या नर्गिस दत्त रुग्णालयात 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम हे तीन तालुके. दवाखान्यात येईल त्याची नोंद, हा शहरी शिरस्ता इथं चालला नसता. दुखणं अंगावर काढणारी बाई केसपेपर कशाला काढते? म्हणून नोंदणीवालेच गावोगाव फिरले. बरी न होणारी जखम, अवेळी अंगावर जाणं, अशी लक्षणं लोकांना समजावली. पुढं धाराशिव जिल्ह्यात 1,31,746 बायकांचा अभ्यास झाला. एकाच एचपीव्ही चाचणीनं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू घटतात, हे 2009 साली जगाला कळलं.

एमबीबीएसवाल्यांना आयसीएमआरची दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती 1979 पासून आहे. साध्या बीएस्सीवाल्याचं काय? कॅन्सर संशोधक कमल रणदिवे फर्ग्युसनच्या बीएस्सीच. पण त्यांचे वडील तिथंच जीवशास्त्र शिकवायचे, हे आपण सोयीनं विसरतो. विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप बीएस्सीवाल्याला खुली आहे खरी. अर्ज मात्र बहुधा दिवाळीनंतर भरायचे, आणि तेव्हा आमच्याकडची निम्मी पोरं ऊसतोडीला गेलेल्या आईबापाचं घर सांभाळत असतात.